कित्ता, साचा आणि वानगी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने अर्थविचारावरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर हाती घेतले. विद्यार्थ्यांना इंग्रजीतून वाचणे जड जाई आणि मराठीत त्या विषयावर वर्गात देण्याजोगे फारसे काही त्यांच्या हाताशी नव्हते. एखाद्या गुंतागुंतीच्या वाक्यापाशी आपण अडखळू, अशी बाईंची अटकळ होती. प्रत्यक्षात त्या शीर्षकापाशीच थांबल्या. ‘प्रोटोटाइप’ या शब्दासाठी त्यांनी कागदावर एकाखाली एक पर्याय लिहिले : आदिरूप, मूळ नमुना, आदर्श, प्रतिमान. प्रत्येक पर्याय लेखातील एखाद्या वाक्यात चपखल बसत होता आणि पुढच्याच वाक्यात अर्थ बिघडवीत होता. पारिभाषिक शब्द सापडत नाही ही अनुवादकाची नेहमीची तक्रार असते. येथे शब्द पुष्कळ होते. पण ते एकाच अर्थाचे नव्हते, आणि मूळ शब्द तरी एकाच अर्थाचा आहे काय, ही शंका त्यातून उभी राहिली.

शब्दाच्या व्युत्पत्तीपासून आरंभ करणे त्यांना सोयीचे वाटले. ग्रीकमधील ‘प्रोतोस’ म्हणजे पहिला आणि ‘तुपोस’ म्हणजे आघात, किंवा आघाताने उमटलेला ठसा. ‘टाइप’ हा छापखान्यातील शब्दही याच घराण्यातला. खिळे जुळवून छापण्याच्या काळात अक्षर आधी पोलादावर उठावदार कोरले जाई. ते पोलाद तांब्यावर ठोकून खोलगट मातृका तयार होई आणि त्या मातृकेत धातूचा रस ओतून हजारो खिळे पाडले जात. वाचकाच्या नजरेस पडे ते कागदावरचे अक्षर. पोलादावरचे पहिले अक्षर त्याला कधीच दिसत नसे. प्रोटोटाइपच्या सर्वांत जुन्या अर्थात हे नाते गृहीत आहे : एक मूळ आहे, बाकीच्या त्याच्या छापा आहेत, आणि छापेचे मोल मुळावर अवलंबून आहे. मूर्तिपूजेविषयी ख्रिस्ती धर्मात जो दीर्घ वाद झाला त्यात इ. स. ७८७ च्या निकेया येथील धर्मपरिषदेने याच नात्याचा आधार घेतला. प्रतिमेला केलेले वंदन प्रतिमेपाशी थांबत नाही, ते तिच्या मूळ रूपापर्यंत पोहोचते, असा तो युक्तिवाद होता. पंढरीच्या विठ्ठलाची तसबीर देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या घराला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही.

या अर्थाने टोक गाठले ते मापनशास्त्रात. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल ‘आंतरराष्ट्रीय प्रोटोटाइप किलोग्रॅम’ म्हणून मान्य झाला आणि पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवला गेला. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. भारताकडे आलेली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पुढे शंभरेक वर्षांच्या अवधीत ताडून पाहता मूळ वजन आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडल्याचे आढळले. आता चूक कोणाची म्हणायची? व्याख्येनेच किलोग्रॅम म्हणजे तो दंडगोल असल्यामुळे तो हलका झाला असे म्हणण्याची सोयच नव्हती. जगातील बाकी सर्व वस्तू किंचित जड झाल्या, असेच काटेकोर भाषेत म्हणावे लागले असते. पॅरिसच्या प्रमाण-मीटरविषयी विट्गेन्स्टाइनने हीच अडचण दाखवून दिली होती : तो एक मीटर लांब आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. अखेरीस मीटरची व्याख्या १९६० मध्ये धातूच्या पट्टीपासून मोकळी झाली आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकच्या स्थिरांकावर बसवला गेला. जो स्वतः मोजला जाऊ शकत नाही आणि ज्याने इतर सर्व मोजले जातात, असा प्रोटोटाइप मापनशास्त्राने अशा रीतीने निवृत्त केला. इतर क्षेत्रांत तो निवृत्त झाला आहे काय, हा प्रश्न मात्र बाईंच्या मनात राहिला.

कारखान्यात हाच शब्द जवळजवळ विरुद्ध अर्थाने नांदतो. नवे यंत्र बाजारात आणण्यापूर्वी त्याची जी पहिली चालती आवृत्ती बांधतात, तिलाही प्रोटोटाइपच म्हणतात. ती जपण्यासाठी नसते. ती कोठे मोडते, कोठे तापते, कोणता भाग हाताला लागतो हे कळावे म्हणून ती बांधायची, आणि कळले की मागे टाकायची. येथेही पहिलेपण आहे, परंतु या पहिलेपणाला अधिकार नाही. नंतर येणाऱ्याने त्याच्याहून चांगले असावे अशीच अपेक्षा आहे. लेखनव्यवहारात याला जवळचा शब्द ‘खर्डा’. कोणताही लेखक पक्क्या प्रतीला खर्ड्याच्या कसोटीवर तपासत नाही.

बाई ज्या लेखाचे भाषांतर करीत होत्या त्यातील अर्थ या दोहोंपेक्षाही वेगळा होता. १९७० नंतरच्या दशकात एलिनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने माणसे वस्तूंचे वर्ग कसे करतात याचा प्रयोगांनी शोध घेतला. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या समजुतीप्रमाणे वर्गाला व्यवच्छेदक लक्षणे असतात. ती ज्याच्या ठायी आहेत तो वर्गात, नाहीत तो वर्गाबाहेर, आणि आत असलेले सर्व सारख्याच हक्काने आत. रॉश यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारले की अमुक पक्षी ‘पक्षी’ या वर्गाचे कितपत चांगले उदाहरण आहे, ते सात पायऱ्यांच्या श्रेणीवर सांगा. रॉबिन अगदी वर आला, शहामृग आणि पेंग्विन खाली गेले. उत्तरांमध्ये लक्षणीय एकमत होते. वर्गाला मध्य असतो, कडा असतात, आणि मध्याजवळची उदाहरणे मनाला लवकर सुचतात, असा त्याचा अर्थ. त्या मध्यवर्ती उदाहरणाला ‘प्रोटोटाइप’ हे नाव मिळाले. येथे पहिलेपणाचा संबंध उरलेला नाही. रॉबिन हा काही आद्य पक्षी नव्हे. मूळ आणि प्रत हे नातेही नाही; पेंग्विन रॉबिनवरून पाडलेला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की पेंग्विन पक्षी नाही असे कोणीही म्हटले नाही. पुढे १९७८ मध्ये रॉश यांनी स्वतःच सावध केले की ‘प्रोटोटाइप’ ही मनात ठेवलेली एखादी वस्तू समजू नये. उदाहरणे कमीअधिक मध्यवर्ती वाटतात, एवढेच या शब्दाने सांगायचे आहे आणि नामाचा वापर ही केवळ बोलण्याची सोय आहे.

‘आदिरूप’ या शब्दावर बाईंनी काट मारली ती येथे. मराठी समीक्षेत युंग आणि फ्राय यांच्या संदर्भात ‘आदिबंध’ रुळला आहे, आणि त्याच्या शेजारी ‘आदिरूप’ ठेवले की विद्यार्थी दोन्ही एक समजणार, हे एक कारण. दुसरे कारण असे की ‘आदि’ म्हणताच काळाचा क्रम येतो आणि क्रमाबरोबर मान येतो. वस्तुतः संस्कृत व्याकरणात ‘आदि’चा वापर बराच निर्लेप आहे. ‘सर्वादि’ गण म्हणजे ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणारी यादी. ‘सर्व’ हा त्या यादीचा राजा नव्हे, केवळ दारावरची पाटी. पाणिनीय परंपरेने तर ‘आकृतिगण’ अशी एक सोयही ठेवली आहे. ज्या गणाची यादी पुरी करता येत नाही, ज्यात पुढे येणारा शब्द रूपाच्या साम्यावरून ओळखून आत घ्यायचा, तो आकृतिगण. दाखल्यादाखल काही शब्द दिलेले असतात आणि दार उघडे असते. बाईंना हा विचार रॉश यांच्या विचाराच्या फार जवळचा वाटला. परंतु ‘आकृतिगण’ हे वर्गाचे नाव आहे, त्यातील ठळक उदाहरणाचे नव्हे, म्हणून तेही बाजूला ठेवावे लागले.

शब्द ठरत नव्हता, तरी तास थांबत नव्हते. बाईंनी वर्गात रॉश यांचा प्रयोग आपल्या परीने करून पाहिला. पक्षी म्हटल्यावर पहिल्यांदा काय आठवते, असे विचारताच चिमणी, कावळा, पोपट अशी उत्तरे आली. मागच्या बाकावरून कोणी ‘होला’ म्हणाले, तेव्हा वर्ग हसला, जरी वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या शेतात होले रोज उतरत असत. मग बाईंनी ‘घर’ हा शब्द घेतला आणि बोलण्याऐवजी चित्र काढायला सांगितले. तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले,

“मॅडम, चित्रातलं घर काढायचं का आमचं?”

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कोणालाही ‘चित्रातले घर’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, आणि काठावर दोन उतरत्या पाख्यांचे कौलारू घर; जमल्यास बाजूला नारळाचे झाड. कोकणात हे चित्र खिडकीतून दिसते. मराठवाड्यात दिसत नाही. तेथील जुन्या गावातले घर माळवदाचे : जाड भिंती, लाकडी सरे, त्यांवर मातीचे सपाट छत, पावसाळ्याआधी त्यावर पसरायची पांढरी माती. अशा घरात जन्मलेले मूलही चित्रकलेच्या वहीत कौलारू घरच काढते, कारण घर तसेच काढायचे असते हे त्याला माहीत असते. बाईंचे स्वतःचे बालपण अशाच माळवदाखाली गेले होते. लहानपणी त्यांनी एकदा सपाट छपराचे घर काढले, तेव्हा वर्गात हशा पिकला होता आणि “हे खोकं कशाचं?” असा शेरा ऐकावा लागला होता. पुढच्या वेळी त्यांनी उतरते छप्पर काढले आणि शाबासकी मिळवली. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न येईपर्यंत या प्रसंगाचा अर्थविचाराशी काही संबंध आहे असे त्यांना वाटले नव्हते.

संबंध होता. अमेरिकन विद्यार्थ्यांचा रॉबिन त्यांच्या अंगणातला होता. मध्यवर्ती उदाहरण आणि रोजचा अनुभव यांची तेथे गाठ पडली होती. या वर्गात मध्य एकीकडे आणि अनुभव दुसरीकडे होता. मध्य अनुभवातून साचलेला नव्हता. तो वहीतून आलेला होता. म्हणजे ज्याला लेखात प्रोटोटाइप म्हटले होते त्याचेही दोन प्रकार संभवतात, आणि या दोहोंसाठी मराठीत फार पूर्वीपासून दोन निराळे शब्द आहेत, हे बाईंच्या ध्यानात आले.

एक शब्द ‘कित्ता’. मुलाने गिरवावे म्हणून घालून दिलेले अक्षर म्हणजे कित्ता. त्याच्यावरून हात फिरवायचा असतो. रेघ बाहेर गेली की ती चूक. ‘वळणदार’ अक्षर म्हणजे कित्त्याच्या वळणावर गेलेले अक्षर. दुसरा शब्द ‘वानगी’. पोत्यातून मूठभर धान्य काढून गिऱ्हाइकापुढे धरतात ती वानगी. शितावरून भाताची परीक्षा होते ती याच न्यायाने. वानगीचा अधिकार तिच्या स्वतःच्या अंगी नसतो, ती ज्या राशीतून काढली त्या राशीने तो दिलेला असतो; रास बदलली की वानगी बदलली पाहिजे. कित्त्याशी जे जुळत नाही ते अशुद्ध ठरते. वानगीशी जे जुळत नाही त्यामुळे फार तर वानगी नीट काढली नव्हती असे ठरते. या दोहोंच्या जोडीला तिसरा शब्द ‘साचा’ : ज्यातून एकासारखी एक वस्तू निघते तो. ग्रीक ठशाचा अर्थ याच्या जवळ जातो आणि सेव्रच्या दंडगोलाचा कित्त्याच्या. ‘नमुना’ मात्र सर्वांत सामावतो, आणि म्हणूनच तो परिभाषेच्या कामाचा नाही. ‘नमुनेदार’ म्हणजे अनुकरणीय, आणि ‘काय नमुना आहे!’ म्हणजे जगावेगळा. एकच शब्द मध्याचेही नाव आहे आणि कडेचेही.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता असता तर बाईंनी तो टिपेत नोंदवून सोडून दिला असता. परंतु त्या ज्या अभ्यासक्रमाचा दुसरा भाग म्हणून साहित्यप्रकारांचा इतिहास शिकवीत, तेथे हाच घोळ वर्षानुवर्षे चालत आलेला त्यांना दिसू लागला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते नाव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास येते. परंतु ‘मराठी कादंबरी’ म्हटल्यावर जी कृती डोळ्यांपुढे उभी राहते ती पुष्कळांच्या बाबतीत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही, जी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. दोन्हींच्या नायिकेचे नाव यमुना आणि दोन्हींचा विषय हिंदू विधवेची दैना, हा योगायोग अधिकच बोलका आहे. एक कृती काळाने पहिली आहे. दुसरी मध्यवर्ती आहे. इंग्रजीत दोघींनाही मराठी कादंबरीचा प्रोटोटाइप म्हणता येईल, आणि त्या एका शब्दाखाली दोन वेगळे दावे झाकले जातील. मग ‘यमुनापर्यटन’ ही ‘खऱ्या’ कादंबरीच्या तुलनेत कशी अपुरी, असे लिहिले जाते. म्हणजे तेहतीस वर्षांनी आलेल्या कृतीचा कित्ता आधीच्या कृतीपुढे ठेवला जातो.

दलित आत्मकथनांच्या बाबतीत हे प्रकरण अधिक गंभीर होते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्याने या प्रकाराचा मध्य निश्चित केला. वास्तविक एकाच माणसाच्या दगडू मारुती पवार आणि दया पवार या दोन मनांतील संवाद ही त्या पुस्तकाची खास स्वतःची रचना. लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) कैकाडी समाजाची भटकंती सांगते. तेथे घर हीच गाढवाच्या पाठीवरून हलणारी गोष्ट आहे. बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याच्या नावातच ‘माझं’ नसून ‘आमुचं’ आहे, आणि लेखिकेच्या स्वतःच्या संसारापेक्षा महारवाड्यातील बायकांच्या सामाईक जगण्याला त्यात अधिक जागा आहे. ‘बलुतं’ला वानगी मानले तर ‘जिणं आमुचं’ त्याच राशीतील दुसरी मूठ ठरते आणि राशीविषयीची आपली कल्पना विस्तारते. ‘बलुतं’चा कित्ता केला, तर लेखिकेचा ‘मी’ यात पुरेसा दिसत नाही, व्यक्तिमनाचा संघर्ष कमी पडतो, असे दोष लगेच सापडतात. वर्गात या पुस्तकावर टिपण लिहिताना एका मुलीने हेच दोष लिहिले होते. ते तिने वाचनातून काढले नव्हते. आत्मचरित्र कसे असावे याचे उतरते छप्पर तिच्या वहीत आधीच आखलेले होते.

संस्कृत शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांशी बोलताना त्यांनी एक निराळीच जोडी सुचवली : मीमांसकांची ‘प्रकृती’ आणि ‘विकृती’. ज्या यागाचे सर्व अंगांसह विधान वेदात आले आहे तो प्रकृतियाग. इष्टींसाठी दर्शपूर्णमास हा तसा. ज्याचे विधान त्रोटक आहे तो विकृतियाग. त्याची राहिलेली अंगे प्रकृतीकडून घ्यायची, याला ‘अतिदेश’ म्हणतात. परंतु मीमांसकांनी तेवढ्यावर भागवले नाही. देवता बदलली की मंत्रातील तिचे नावही बदलायचे. अग्नीच्या जागी सूर्य म्हणायचे, हा ‘ऊह’. आणि जे अंग नव्या ठिकाणी निरर्थक होईल ते सोडून द्यायचे, हा ‘बाध’. एका यागात तांदळाऐवजी सोन्याचे कण शिजवायचे असतात. सोन्याला कोंडा नसतो, म्हणून तेथे कांडण करायचे नाही. मूळ विधीचे पालन म्हणून सोने कांडत बसणाऱ्याला विधी कळलाच नाही, असे हे शास्त्र मानते. विकृतियाग हा हिणकस याग नव्हे. त्याचे फल त्याला स्वतंत्रपणे मिळते.

बाईंना ही जोडी फार आवडली, आणि तरीही ती वापरता येणार नाही हे त्यांना त्याच क्षणी कळले. आजच्या मराठीत ‘विकृती’ म्हणजे सडलेले, अनैसर्गिक, लाज वाटावे असे काही. नुसता बदल सांगणाऱ्या शब्दाचा निंदेकडे झालेला हा प्रवास पाहिला की प्रोटोटाइपच्या बाबतीत काय घडते याचा पुरावाच हाती येतो. आधी एक उदाहरण सोयीसाठी पुढे ठेवले जाते. मग ते प्रमाण होते. मग त्याहून वेगळे असणे हा दोष होतो. आणि अखेरीस वेगळेपणासाठी असलेला शब्दच शिवी होऊन बसतो.

एका संज्ञेला एकच पर्याय द्यावा, ही परिभाषेची शिस्त बाईंना ठाऊक होती आणि एरवी त्या तिचा आग्रह धरीत. या भाषांतरात त्यांनी ती मोडली. जेथे मूळ आणि प्रती यांचे नाते आहे तेथे ‘मूळ ठसा’, जेथे यंत्राची चाचणी आहे तेथे ‘कच्चा नमुना’, जेथे मध्यवर्ती उदाहरण अभिप्रेत आहे तेथे ‘वानगी’, आणि जेथे लेखक स्वतःच या अर्थांत घसरत आहे अशी शंका आली तेथे ‘प्रोटोटाइप’ हा शब्द देवनागरीत तसाच. ‘आदर्श’ कोठेही वापरला नाही. एका शब्दाचे चार झाल्याने वाचकाचा गोंधळ होईल, असा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला. त्यात तथ्य होते, हे त्यांनी मान्य केले. परंतु इंग्रजीत हे अर्थ एका छपराखाली राहतात ही त्या शब्दाच्या इतिहासाची गोष्ट आहे. मराठीने तेच छप्पर उभारले पाहिजे असे नाही, असे त्यांचे उत्तर होते.

टंकलिखित प्रती वाटल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत त्या तासाला काढलेली घराची चित्रेही बाईंनी परत दिली. चाळीसएक चित्रांत बहुतेक घरे कौलारू होती. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने कागदाची मधोमध घडी घालून दोन घरे काढली होती. डावीकडे उतरत्या पाख्यांचे आणि उजवीकडे माळवदाचे, छतावर वाळत घातलेल्या मिरच्यांसह. दोन्हींखाली त्याने ‘घर’ एवढेच लिहिले होते.